साडूचा पाडाव

माझ्या साडूला मी तोंडावर 'अहो' म्हणतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर तो मानानं मोठा. निपाणीच्या सासुरवाडीत जेवायचं ताट आधी त्याच्यापुढं येतं, मग माझ्यापुढं. पण इथं लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. कागदावर तरी माझं राज्य असू दे.

आम्ही दोघंही बेळगावात वडगावलाच राहतो, मध्ये दोन गल्ल्या. तो मूळचा खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शहरात नोकरी लागली तसा इथं घर बांधून बसला. आम्ही पहिल्यापासूनचे विणकर. पुढच्या दोन खोल्यांत माणसं आणि मागच्या शेडात चार पॉवरलूम, असं आमचं घर. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच तसं. दुपारी करंट गेला आणि माग थांबले, तर त्या शांततेनं पाळण्यातली पोरं दचकून उठतात.

आमच्याकडं शिवजयंती वैशाखात असते, शाळांना सुट्टी पडल्यावर. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा किल्ला उभा करतात आणि त्यावर जिवंत माणसं एखादा प्रसंग करून दाखवतात. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात. स्पीकरवर आवाज सुटतो, वरची मंडळी नुसती तोंडं हलवतात आणि तलवारी चालवतात. चौक आला की ट्रॉली थांबते, प्रसंग होतो, लोक टाळ्या देतात, ट्रॉली पुढं जाते. लहान मुलांच्या देखाव्यांची स्पर्धा निराळी असते आणि तिच्यात माझ्या साडूची गल्ली दर वर्षी पहिली येते, कारण देखावा तो बसवतो. त्याचं म्हणणं असं, की पोरं कशी वळवायची हे त्याला बैलांवरून कळलं.

आमच्या गल्लीत तेव्हा मुलांचा देखावा नव्हता. म्हणून तीन वैशाखांमागं माझ्या मुलीला मी त्याच्या हवाली केलं. तिला तेव्हा सहावं लागलं होतं. मावळ्याचं काम, पहिल्या रांगेत, आणि तोंड हलवायला एक वाक्य: "महाराज, दोर तयार आहे!" तीन आठवडे आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. चहा झाला का, तर दोर तयार आहे. अंघोळ केलीस का, तर दोर तयार आहे.

मिरवणुकीच्या दिवशी निपाणीहून सासूबाईंना आणलं. शेजारी-पाजारी धरून पंधराएक माणसं मी चौकात आणून उभी केली आणि फोन वर धरला. ट्रॉली आली. आमच्या पोरीच्या जागेवर कुठल्याशा कंत्राटदाराची नात उभी. "दोर तयार आहे"ला तिनं तोंडसुद्धा हलवलं नाही, नुसती हसली.

"आमची कुठाय?" मी म्हणालो.

बायकोनं दोन मिनिटं बघितलं आणि बोट दाखवलं. किल्ल्याच्या उजव्या कडेला, पुठ्ठ्याच्या मागून, चार छोटी बोटं आली होती.

"बगा की," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "किती घट्ट धरल्यात!"

मी चार मिनिटं बोटांचा व्हिडिओ काढला. आयुष्यात इतकी लाज मला दुसऱ्यांदा वाटली. पहिल्यांदा वाटली ती माझ्या लग्नात, पण तेही प्रकरण याच साडूचं आहे आणि ते मी लिहिणार नाही.

संध्याकाळी त्याला गाठलं. शर्टाच्या कॉलरीत तो कायम एक रुमाल खोचून ठेवतो. बोलण्याआधी तो रुमाल काढायचा, मान डावीकडून उजवीकडं पुसायची, पोट पुढं काढायचं, मग बोलायचं, ही त्याची पद्धत. तसं सगळं करून तो म्हणाला, "अहो पावणं, वारं सुटलंतं. किल्ला पडला तर महाराजांनी कुठं उभारायचं? पायाचं काम दिलंय तुमच्या पोरीला, पायाचं!" आणि हसला. त्याच्या मागं उभे असलेले चौघंही हसले.

घरी येऊन मुलीला जवळ घेतलं. म्हटलं, "वाईट वाटलं काय गं बाळ?"

"न्हाय की," ती म्हणाली. "आत गार होतं."

आणि तिनं आइस्कँडी मागितली. ती विसरली हो. पण राग असा टाकून देता येत नाही. तिनं नाही सांभाळला, म्हणून मी घेतला सांभाळायला. वर्षभर पाणी घातलं. पुढच्या वैशाखात आमच्या घरात सुतक होतं, म्हणून आणखी एक वर्ष. गेल्या वैशाखापर्यंत त्याला चांगली फळं धरली होती.

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीचा स्वतःचा मुलांचा देखावा निघाला. माझा बेत एका ओळीचा होता. साडूचा पहिला नंबर घालवायचा, आणि तोही असा घालवायचा की सगळ्या वडगावानं त्याला हसावं. बक्षीस मिळालं तर बरंच, पण माझं लक्ष हसण्यावर होतं.

पोरं जमली अकरा. चार वर्षांच्या बारक्यापासून आठ वर्षांच्या दातपडक्यापर्यंत, आणि मधोमध माझी मुलगी, आता आठवं लागलेली. महाराज दाखवायची माझी पात्रता नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून साधा प्रसंग घेतला: मावळे दोर टाकून किल्ला चढतात, आतून गनिमाचा किल्लेदार डोळे चोळत येतो, मावळे त्याला पाडतात, झेंडा लागतो. संपलं.

अडचण पहिल्याच दिवशी आली. गनीम कोण होणार? मी विचारलं तर अकरा पोरं अकरा दिशांना बघायला लागली.

"तू हो रं," मी दातपडक्याला म्हटलं.

"माझी आई मारंल."

"का म्हणून?"

"गनीम झालो म्हणून."

बारक्याला चॉकलेट दाखवलं. त्यानं चॉकलेट खाल्लं आणि म्हणाला, "मी मावळाच." एक लक्षात घ्या, आमच्याकडं चार वर्षांचं पोरसुद्धा या बाबतीत फितत नाही. शेवटी गनीम मीच झालो. आणि त्याच क्षणी, अगदी देवानं कानात सांगावं तसं, मला कळलं की गनिमाचा किल्लेदार कसा चालणार आहे.

तो पोट पुढं काढून चालणार होता. पाय फाकून, शेतातल्या सरीतून चालल्यागत. बाहेर येऊन कॉलरीतला रुमाल काढणार, मान डावीकडून उजवीकडं पुसणार, आणि मग पडणार. अकरा पोरांच्या लाकडी तलवारींखाली, भर चौकात. वडगावात त्याला न ओळखणारा माणूस नाही. रुमाल निघाला की लोक ओळखणार, आणि साडूला हसावं लागणार, कारण रागावला तर 'तो मीच' असं कबूल केल्यासारखं होईल. हा बेत सुचला त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्याच तालमीला माझी मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "पप्पा, तुम्ही काका चालल्यागत का चालालाय?"

"गप."

"काकाच की हो ते!"

झालं. अकराच्या अकरा पोरांनी काकांना आमच्या घरी येता-जाता पाहिलेलं. तेव्हापासून तालमीत 'गनीम आला' असं कुणी म्हणेना. मी शेडाच्या दारातून पोट काढून बाहेर आलो की पोरं ओरडायची, "काका आला! काका आला! हाणा!" मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. एकदाही थांबवलं नाही. उलट बारका म्हणाला, "काकाला किती हाणायचं?" तर मी म्हटलं, "पडंपर्यंत." माणसानं लहान मुलांना काय शिकवू नये याची एक यादी केली तर ती महिनाभराची माझी तालीम निघेल.

बायकोला कळायला चार दिवस लागले. ती अंगरखे शिवत होती. डाग पडलेल्या, धागा तुटलेल्या साड्यांचं कापड आमच्याकडं काय कमी? त्यामुळं आमच्या मावळ्यांच्या अंगरख्यांना खाली काठ आला होता, मोराचा. तिनं मशीन थांबवून खिडकीतून तालीम पाहिली आणि बाहेर आली.

"लाज हाय काय जरा? माझ्या बहिणीचा नवरा हाय त्यो!"

"गनीम हाय," मी म्हणालो.

"आक्काला कळलं तर तुम्ही जेवायला हाटेलात जायचं, सांगून ठेवते." एवढं बोलून ती आत गेली आणि मशीनवर डोकं टेकून हसली. मी पाहिलं. पण दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात, त्यामुळं माझा जीव टांगणीला होता. बायकोनं रुमालाचं गुपित राखलं. देखावा बसतोय ही बातमी मात्र गेलीच, आणि दुसऱ्या दिवशी साडूचा निरोप आला: "काय लागलं-सवरलं तर सांगा. नवीन माणसाला जड जातंय."

नवीन माणसाला! मी त्या दिवशी पोरांना तीन वेळा जास्त तालीम दिली.

दाढी आणि तलवारी भाड्यानं आणायला कोल्हापूरला गेलो. येताना कोगनोळीच्या तपासणी नाक्यावर बस थांबली आणि पोलीस वर चढला. माझ्या मांडीवरच्या पोत्यातून एक मूठ बाहेर आली होती.

"एन्री इदु?" त्यानं विचारलं, म्हणजे हे काय.

"मक्कळ नाटक, सर," मी म्हटलं. मुलांचं नाटक.

त्यानं पोतं उघडलं, एकेक करत अकरा तलवारी मोजल्या, चंदेरी कागद नखानं खरवडून पाहिला. मग दाढी निघाली. ही कुणाला, तर म्हटलं मला. घाला बघू, म्हणाला. सगळ्या बसपुढं मी दाढी लावली. त्यानं मान मागं घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाला, "छलो ऐत्री." छान आहे. संपूर्ण देखाव्याला मिळालेलं निखळ कौतुक म्हणून मी हे इथं नोंदवून ठेवतो.

आता माझी घोडचूक.

मागाच्या घरात माणसं ओरडून बोलत नाहीत, कारण ओरडून उपयोग नसतो. हातानं बोलतात. कांडीवरचं सूत संपलं तर बोट फिरवायचं, जेवायला ये तर तोंडापुढं पाच बोटं. आमची पोरं बोलायच्या आधी हातवारे शिकतात. तालीम शेडाच्या दारातच असल्यामुळं मी पोरांना सगळं तसंच शिकवलं. आवाजावर कुणी काही करायचं नाही. मी हात वर केला की दोर, मुठी आवळल्या की चढायचं, हात आडवा धरला की जागच्या जागी थांबायचं, आणि किल्लेदारानं रुमालानं मान पुसली की 'हर हर महादेव' करून तुटून पडायचं. पाऊल टाकायचं ते मागाच्या ठेक्यावर: सुताचा धोटा इकडून तिकडं गेला की एक पाऊल, परत आला की दुसरं. अकरा पोरं अशी एका तालात चढायची की बघत राहावं.

संवाद मी फोनवर घरातच रेकॉर्ड केले. पुढच्या खोलीत, दार लावून. सगळे आवाज माझेच. नंतर आम्ही नवरा-बायकोनं ते ऐकले, गल्लीतल्या सहा-सात जणांना ऐकवले. सगळे म्हणाले, एकदम स्वच्छ.

मिरवणुकीच्या दिवशी चार वाजल्यापासून पोरांच्या मिशा काढत बसलो. काजळाची मिशी घामानं उतरते, म्हणून बारक्याला तीनदा काढली. दातपडक्यानं चाटून चाटून ओठ काळा केला. एकाचं मुंडासं सुटलं, एकाला अंगरख्याच्या सगळ्या नाड्या बांधून झाल्यावर लघवीला लागली. त्याच्या मागोमाग नऊ जणांना लागली. माझी मुलगी मात्र पाचपासून तयार होऊन, तलवार मांडीवर घेऊन, ट्रॉलीच्या कडेला बसली होती.

दिवे लागायच्या सुमारास आमची ट्रॉली चौकात आली. त्याच चौकात, जिथं मी बोटांचा व्हिडिओ काढला होता. आमच्या मागंच साडूच्या गल्लीची ट्रॉली होती आणि साडू खाली उभा राहून सगळ्यांना हात करत होता. मी दाढी लावून, पोटावर उशी बांधून किल्ल्याच्या मागं लपलो. स्पीकर सुरू झाला.

लोक हसायला लागले.

मला वाटलं, आवडलं. माझा आवाज घुमत होता, "गड्यांनो, आवाज करू नका!" आणि लोक पोट धरून हसत होते. पोरं मात्र झकास चढत होती, एका ठेक्यात, अगदी शेडात चढायची तशी. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "किल्ल्यात माग बसवल्यात काय रं?" आणि दुसरा म्हणाला, "मावळे न्हवं त्ये, साड्या विणालेत!"

मग ऐकू आलं. भोंग्याएवढ्या चार स्पीकरांतून, संवादाच्या मागून नव्हे, संवादाच्या पुढून, चार पॉवरलूम: खटक-खटक, खटक-खटक. आमच्या गल्लीत कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं, कारण आमच्या कानाला ती शांतताच.

माझ्या बेतात साडूला हसावं लागणार होतं, तेवढं मात्र पहिल्याच चौकात जमलं. तो हसत होता. रुमाल हातात.

मी मागच्या मागं ट्रॉलीवरून उडी मारली आणि आवाजाचा करंटच तोडायला जनरेटरकडं धावलो. दाढी, उशी, सगळं घेऊन. वर पोरं किल्ल्यावर पोहोचली होती आणि तलवारी काढून, डोळे दारावर लावून, काकाची वाट बघत उभी होती.

एवढ्यात साडूला दया आली. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट घडी. त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "पावणं, काळजी करू नका! माझ्याकडं जादा रेकॉर्डिंग हाय, तुमच्या पोरांचं नाक न्हाय जाऊ देत!" आणि शिडीवरून तो आमच्या ट्रॉलीवर चढला, कारण साउंडचं मशीन किल्ल्याच्या आत होतं. पांढरा शर्ट, भगवा फेटा. किल्ल्याच्या दारातून आत वाकला, मशीन सापडेना म्हणून पोट पुढं काढून परत बाहेर आला. उकाडा होता. त्यानं रुमाल उचलला आणि मान पुसली, डावीकडून उजवीकडं.

"काका आला!" बारका ओरडला.

मग अकरा जणांनी 'हर हर महादेव' केलं.

पहिली तलवार माझ्या मुलीची होती. नडगीवर. मी तिला तालमीत हजारदा सांगितलं होतं, तलवार अंगाला लावायची नाही, हवेत थांबवायची. ती थांबवली नाही. साडू एका पायावर नाचला, दुसरा पाय दातपडक्यानं मिठी मारून धरला, आणि तो मोठा, पहिल्या नंबरवाला माणूस जसा उसाचा भारा पडतो तसा पुठ्ठ्याच्या बुरुजाला घेऊन आडवा झाला. अकरा पोरं वर. माझी मुलगी पोटावर बसली.

"पावणं!" खालून आवाज आला. "पावणं, पोरांना आवरा हो!"

मी जनरेटरपाशी होतो. दोन पावलांचं अंतर. एक हात आडवा धरला असता तर पोरं जागच्या जागी थांबली असती, ती खूण मीच शिकवली होती. मी माझी दाढी नीट बसवायला लागलो. एका बाजूनं निघाली होती ना. अशी कामं घाईनं करू नयेत. इथं मला वाईट वाटलं असं लिहायची पद्धत आहे. नाही वाटलं. दोन वर्षांचं पाणी सगळं त्या मिनिटभरात मुळाशी लागलं.

पण माझा साडू कच्चा माणूस नाही. टाळ्या सुरू झाल्या होत्या. आधी तुरळक, मग सगळा चौक. त्यानं त्या ऐकल्या. पोरांच्या ढिगातून त्याचा एक हात हळूहळू वर आला, थरथरला, बोटं पसरली, आकाशाकडं काहीतरी मागितल्यागत थांबला आणि धपकन पडला. गडी मेला! चौकानं शिट्ट्या मारल्या. बारक्यानं झेंडा लावला, उलटा.

घरी जाताना मुलगी माझ्या खांद्यावर होती. "पप्पा, काका खरं पडले का खोटं?"

"खोटं."

"मी खरं मारलं," ती म्हणाली.

मी तिला दोन आइस्कँड्या घेऊन दिल्या.

निकाल आठ दिवसांनी लागला. पहिला नंबर साडूच्या गल्लीचा. आम्ही उत्तेजनार्थ. इथवर मी तयारी करून गेलो होतो. मग परीक्षक, एक निवृत्त मास्तर, उभे राहिले आणि म्हणाले की या वर्षी उत्कृष्ट कलाकाराचं बक्षीस एका धाडसी कल्पनेला जातं. "मावळ्यांच्या किल्ल्यात आजच्या कपड्यातला एक माणूस शिरतो. फेटा आपला, पण मन आपलं न्हाय. लहान पोरं त्याला बरोबर ओळखतात. फितूर! फितूर काल होता, तसा आज बी आपल्यातच हाय. आणि काय पडले हो ते! पडावं तर असं!"

माझ्या साडूला शाल घातली, नारळ दिला, ढाल दिली. आमच्या ट्रॉलीवरच्या कामाची. माईक हातात घेऊन त्यानं आधी रुमाल काढला, मान पुसली, मग म्हणाला, "याचं श्रेय माझ्या धाकट्या साडूला. त्यांनी माझ्याकडनं हे काम करून घेतलं आणि शेवटपर्यंत मला पत्ता लागू दिला न्हाय. दिग्दर्शन म्हंतात ते हेच." आणि सरळ माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलेलं होतं. पोरं कुणाला 'काका' म्हणून ओरडली, हे पोरांच्या खाली असलेल्या माणसाला चांगलं ऐकू येतं.

मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? तो अभिनय नव्हता, मार होता, असं मी म्हणालो तर मीच पोरांकडून माणसाला मारवलं हे आलं. मग उत्तेजनार्थही गेलं, आणि आक्का मला दारात उभं करणार नाही. बायको शेजारी बसून ओठ दाबत होती. "वाजवा की जोरात," ती म्हणाली, "तुमचाच किल्लेदार हाय."

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. मग एका रविवारी आक्काच्या घरी जेवायला गेलो. शोकेसमध्ये ढाल, खाली शाल घडी करून. त्याच्या कचेरीतली चार माणसं आलेली, आणि हा त्यांना सांगत बसलेला, अभिनय म्हणजे काय, शरीर सैल कसं सोडायचं, डोळे आधी मरतात मग हात. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला की मी भाताचा घास खाली ठेवला.

"अहो," मी अगदी नम्रपणानं म्हणालो, "एकदा करून दाखवा की. यांनी बघितलं न्हाय."

तो थांबला. रुमालाकडं हात गेला, परत आला.

"आत्ता? जेवून उठलोय की, पावणं."

"कलाकाराला जेवणाचं काय," मी म्हणालो.

"व्हय व्हय, दाखवा!" कचेरीतले म्हणाले. आक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली. माझी मुलगी पळत जाऊन झाडू घेऊन आली, तलवारीच्या जागी. आता नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर त्या दिवशी पडलं कोण आणि कसं, हा प्रश्न आला. तो उठला. दाराबाहेर गेला, पोट काढून आत आला, मान पुसली आणि फरशीवर पडला. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग भिंतीला हात धरून हळूच आडवा. म्हशीनं बसावं तसा. कुणी टाळ्या वाजवायच्या का, हे कुणाला कळेना. मी वाजवल्या.

तेव्हापासून मी एकही कार्यक्रम सोडलेला नाही. पिरनवाडीला लग्नात, मांडवात, अक्षता झाल्या झाल्या. कॅम्पात त्याच्या साहेबाच्या निरोप समारंभात, तिथं तर मी बोलावणं नसताना गेलो. गौरी-गणपतीत. चार चौघं जमले, की मी आवाज चढवत नाही, चेष्टाही करत नाही. मान देऊन विचारतो, "अहो, एकदा ते दाखवा की." आणि तो माझ्याकडं असा बघतो की मला दिवाळीचा फराळ मिळाल्यागत होतं. मग उठतो आणि पडतो. गुडघ्याला तेल लावून घेतो म्हणे आता, रोज, असं आक्का फोनवर सांगत होती.

गेल्या महिन्यात निपाणीला मेहुण्याच्या पोराचं बारसं झालं. सगळी सासुरवाडी जमलेली. मी विचारलं. तो सरळ अंगणात गेला, आत आला, मान पुसली. माझ्या मुलीनं काठीनं नुसता वारा घातला, आणि हा माणूस कुठंही हात न टेकता, ओल्या धोतरागत, सपशेल कोसळला. हात वर आला, थरथरला, पडला. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. पाळण्यातलं पोर रडायचं थांबलं. घरात इतकी शांतता झाली की मला बेचैन वाटायला लागलं.

वाईट एवढंच आहे की आता त्याला खरंच ते यायला लागलंय.